नारळ काट्यावर ठेवला तेव्हा कळलं: बँड, अ‍ॅप आणि दोन काटे ११ महिने वापरून

मागच्या जूनमध्ये माझं वजन ७९.६ होतं, आत्ता मे संपत आलाय आणि आज सकाळी ७३.१ भरलं. साडेसहा किलो, ११ महिने. कोणी म्हणेल एवढंच? तर हो, एवढंच, पण त्याआधीची दहा वर्षं काटा फक्त वरच जात होता आणि दरवर्षी गणपतीनंतर मी "आता बास" म्हणायचे आणि शिमग्यापर्यंत आणखी दीड किलो जमा. मी मालवणात पतपेढीत काम करते, वय ४४, उंची १५५ सेंटीमीटर, दहा ते सहा खुर्ची. शुगर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी सांगितलं की गोळी सुरू करायच्या आधी वजन उतरवून बघा, आणि पुण्यात असलेल्या लेकीने लगेच ऑनलाईन ऑर्डर टाकली: मनगटाचा बँड, ब्लूटूथवाला वजनकाटा, आणि कॅलरी मोजायच्या अ‍ॅपचा वर्षाचा प्लॅन. चौथी वस्तू मी स्वतः बाजारातून आणली, साधा किचनचा डिजिटल काटा, चारशे रुपयांच्या आसपास. सगळ्यात स्वस्त तोच आणि पुढे जे काय झालं ते त्याच्यामुळेच झालं.

कंपन्यांची नावं घेत नाही. दोन हजारांच्या आतले बँड सगळे थोड्याफार फरकाने असेच वागतात, हे ऑफिसातल्या तिघींच्या हातावरचे तीन वेगळे बँड बघून सांगतेय.

आधी बँडचंच उरकते. तो आला जूनमध्ये, म्हणजे भर पावसात, आणि पहिल्या दिवशी भरड नाक्यावरून पतपेढीपर्यंत चालत जाऊन बघितलं तर पावलं जेमतेम दोनशे! मला वाटलं पीस खराब आला, परत करायच्या तयारीत होते, मग डोक्यात आलं की बँड डाव्या हातात आणि छत्रीपण डाव्याच हातात. हात हललाच नाही तर त्या बिचाऱ्याला कळणार कसं, तो पाय मोजतच नाही, हाताचे हेलकावे मोजून अंदाज बांधतो. म्हणजे कोकणात चार महिने छत्री धरणाऱ्या माणसाने बँड दुसऱ्या हातात घालावा हे त्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नाही. उलटा प्रकार पण आहे. आडाळ्यावर बसून नारळ खवला की पावलं वाढतात, भाकरी थापली की वाढतात, आणि गणपतीत संध्याकाळच्या आरत्यांना टाळ घेऊन उभी राहिले तर एका बैठकीत, सॉरी, एका उभ्यात अडीच हजार पावलं. सात दिवसांचा गणपती आमच्याकडे, त्या आठवड्यात बँडच्या मते मी मॅरेथॉनची तयारी करत होते आणि प्रत्यक्षात मोदक खात होते. रिक्षातून वाडीच्या रस्त्याने गेलं तरी पावलं पडतात, त्याबद्दल मात्र बँडला दोष देणार नाही.

रोज १०,००० पावलांचं टार्गेट त्यात आधीपासून घातलेलं येतं. मी सुरुवातीला ते वेदवाक्य समजून रात्री साडेनऊला पडवीत येरझाऱ्या घालायचे, सासूबाई विचारायच्या "कोणाची वाट बघतंस गो?" मग लेकीने सांगितलं की हा आकडा कुठल्या डॉक्टरचा नाही, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच "दहा हजार पावलं मोजणारं" अशा अर्थाचं होतं, तिथून तो आकडा जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना पावलांचं बोलतच नाही, ती म्हणते आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चाला. मी टार्गेट ७,००० केलं आणि येरझाऱ्या बंद केल्या, झोप तरी लागायला लागली.

पण बँडचा खरा घोळ पावलांत नाहीये, "आज तुम्ही ३८० कॅलरी जाळल्या" या एका वाक्यात आहे. पाऊस संपल्यावर आम्ही दोघी मैत्रिणी रॉक गार्डनला भेटायचो आणि चिवल्याच्या किनाऱ्याने चालायचो, घरी आलं की बँड अ‍ॅपला सांगायचा ३८० जाळल्या, आणि अ‍ॅप ते ३८० माझ्या दिवसाच्या कोट्यात जमा करायचं, म्हणजे तेवढं जास्त खायची परवानगी. मी पतपेढीतली बाई, खात्यात जमा दिसलं की काढायचा मोह होतोच, मग जत्रेतून आणलेलं मालवणी खाजं आहेच डब्यात. ऑक्टोबर ते डिसेंबर रोज चालूनसुद्धा वजन ढिम्म. नंतर वाचलं की २०१७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात मनगटी यंत्रं तपासली होती, हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी बरोबर दाखवले, पण जाळलेल्या कॅलरीत त्यातलं सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. तीही महागडी यंत्रं. म्हणजे पासबुकात खोटी जमा दाखवायची आणि खरे पैसे काढू द्यायचे, आमच्याकडे असं झालं तर ऑडिटर घरी झोपू देणार नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते जमा करणं बंद करता येतं, पण ते पाच पायऱ्या खाली लपवलेलं आहे. बँड घेतलात तर हे पहिलं करा.

गंमत म्हणजे वाळूच्या बाबतीत बँड उलटा चुकतो. कोरड्या मऊ वाळूत चालायला टणक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते हे मोजून सिद्ध झालेलं आहे, पण बँडला वाळू आणि डांबर एकच. वाळूचे जास्तीचे कॅलरी मी कधी मोजले नाहीत, राहू देत खात्यात.

ठोके मोजायला हिरवा दिवा मागे लागलेला असतो, तो कातडीवर प्रकाश टाकून रक्ताच्या लाटेवरून ठोके ओळखतो, पट्टा सैल असला की काहीही दाखवतो. झोपेचा स्कोर मी बघत नाही, आपण कशी झोपलो ते आपल्याला कळतं. चार्जिंगच्या टोकांना खाऱ्या हवेने हिरवट थर आला होता, सुक्या फडक्याने पुसून काम भागलं. बँडला पाचात अडीच, तेही तासभर बसून राहिलं की हाताला गुदगुल्या करून उठवतो म्हणून. त्यामुळे मी कॅश काउंटरवरून उठून पाणी प्यायला जाते, ही सवय त्यानेच लावली.

आता अ‍ॅप. डाऊनलोड केल्यावर पहिलं काम म्हणून मी सकाळचा नाश्ता टाकायला घेतला, घावणे आणि चटणी. शोधलं तर घावणे नाहीच, "हेच म्हणायचं होतं का" म्हणून डोसा पुढे केला. पेज टाकली तर दूध-साखर घातलेली खीर निघाली. कोंबडी-वडे टाकले तर एका बाजूला चिकन करी आणि दुसऱ्या बाजूला सांबारात बुडलेला मेदूवडा! सोलकढीला तर चार नोंदी, एक वाटी २५ कॅलरी पासून १८० पर्यंत, कारण कुणीही आपापली नोंद घालू शकतं आणि कुणी नुसतं कोकमाचं आगळ आणि पाणी धरलंय तर कुणी अख्खा नारळ. तर पदार्थांची नावं शोधायचा नाद मी आठवड्याभरात सोडला आणि कच्च्या सामानावर आले. तांदूळ, खोबरं, तेल, बांगडा, कुळीथ, याचे आकडे बऱ्यापैकी बरोबर सापडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये आपल्याकडच्या सव्वापाचशेच्या वर खाद्यपदार्थांचे तक्ते छापलेत, शंका आली की मी त्यात बघते.

आणि इथे किचनचा काटा आला.

ज्या दिवशी पहिल्यांदा नारळ मोजला तो दिवस मला लक्षात आहे. आमच्याकडे रोज एक नारळ लागतो, चार माणसं, सकाळी वाटप (म्हणजे खोबऱ्याचं वाटण), संध्याकाळी मासे असले तर पुन्हा वाटप, एक नारळ म्हणजे काहीच नाही असंच आमच्या घरी धरतात. एका नारळाचं खवलेलं खोबरं भरलं १९० ग्रॅम. ओल्या खोबऱ्याला १०० ग्रॅममागे साधारण ३५४ कॅलरी, म्हणजे नारळाचे ६७३, चार माणसांत वाटले तर माणशी १६८, आणि हे नुसतं वाटप, अजून फोडणीचं तेल नाही, भात नाही, मासळी नाही. मी तिथेच ओट्याशी उभी राहून गुणाकार केला. मग अर्ध्या नारळावर यायचं ठरवलं. माणशी रोज ८४ कॅलरी वाचतात, महिन्याला अडीच हजार. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी धरतात, म्हणजे नुसतं खोबरं निम्मं केल्यावर तीन महिन्यांत कागदावर एक किलो. कागदावर म्हणतेय कारण शरीर खतावणीसारखं चालत नाही, वजन उतरलं की त्याची गरजही उतरते आणि हिशोब पुढे सरकतो, पण दिशा तरी कळली.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. "जेवतंस काय हिशोब करतंस गो?" हे तर रोजचंच. पंधरा दिवस त्या आमटीकडे बघून उसासे टाकत होत्या, मग मी धने, तिरफळं जरा वाढवून आणि कांदा जास्त भाजून वाटप दाट करायला लागले तेव्हा तक्रार थांबली. कुळथाच्या पिठीला तसंही वाटप लागत नाही, ती आठवड्यातून तीनदा होते आता.

दुसरा धक्का भाताचा. मला कायम वाटायचं मी दोन डाव भात खाते, आणि ते खरंच होतं, दोनच डाव, पण आमचा डाव म्हणजे देवळातल्या समाराधनेचा. वजन केलं तर ३४० ग्रॅम शिजलेला भात, १०० ग्रॅमला १३० धरले तर ४४२ कॅलरी, एका वेळचा. दुपारचा धरला तर दुप्पट. आता मी २०० ग्रॅमवर असते आणि ताटात मासळी मोठी घेते. भाताला शिव्या घालणाऱ्यांपैकी मी नाही हं, उकड्या तांदळाच्या पेजेवर आमच्या आज्या ऐंशी वर्षं जगल्या, पण त्या दिवसभर शेतात होत्या आणि मी एसीत बसून नोटा मोजते.

अख्ख्या घरासाठी केलेल्या आमटीतली आपली वाटी कशी मोजायची हे कुठलंच अ‍ॅप नीट सांगत नाही, म्हणून माझी पद्धत लिहून ठेवते. रिकामा टोप आधी काट्यावर ठेवायचा आणि त्याचं वजन मार्करने बुडाजवळ बाहेरून लिहून टाकायचं, माझ्या तीन टोपांवर आकडे आहेत, भांडी घासणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय. सामान घालताना ग्रॅम अ‍ॅपच्या "माझी रेसिपी"त टाकायचे, शिजल्यावर भरलेला टोप मोजायचा, टोपाचं वजन वजा, उरली ती आमटी. मग आपली वाटी किती ग्रॅम एवढंच टाकायचं. रेसिपी एकदा सेव्ह झाली की पुढच्या वेळी दोन मिनिटांचं काम. फक्त काटा पाच किलोपर्यंतचाच असतो, मोठा टोप भरून ठेवलात तर एरर येतो. सोलकढीत मात्र अडकले, कारण नारळाचा रस काढल्यावर चोथा टाकतो ना आपण, त्यात राहिलेली चरबी कशी धरायची? मी चोथापण मोजून बघितला, काही अर्थ निघाला नाही, शेवटी निम्मं धरलं. एवढी चूक चालते.

तर अ‍ॅपचा उपयोग काय झाला म्हणाल तर लिहायला लागलं हाच. आकडा पाच-दहा टक्के इकडेतिकडे असेना. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला, पेढा पुढे आला की आधी "हे टाकावं लागणार" असं मनात येतं आणि अर्ध्या वेळा हात मागे येतो. मी मुद्दाम खायच्या आधी टाकते, खाऊन झाल्यावर टाकणं म्हणजे नुसतं पोस्टमॉर्टम. लेकीने मला दोन अभ्यास पाठवले होते. २००८ मध्ये अमेरिकेत जवळजवळ १,७०० लोकांवर केलेला एक, त्यात खाणं रोज लिहून ठेवणाऱ्यांचं वजन अजिबात न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं, आणि तेव्हा कागदावरच लिहायचे बहुतेक. दुसरा २०१६ चा, तोही अमेरिकेतलाच, ४७१ तरुण माणसं, दोन वर्षं, दोन्ही गटांना आहार आणि व्यायामाचं सारखंच मार्गदर्शन, एका गटाला अंगावर घालायचं यंत्र दिलं, दुसऱ्याने आपापलं वेबसाईटवर टाकायचं. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं आणि नुसतं टाकणाऱ्यांचं ५.९! मी हे आमच्या ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, मग बँडचे पैसे गेले समुद्रात.

प्लॅनमध्ये एक कोच पण मिळाली होती, चॅटवर. मुलगी गोड बोलायची पण तिने पहिल्याच दिवशी खोबरं बंद, भात बंद, ओट्स आणि ऑलिव्ह ऑईल चालू करा असं सांगितलं, मालवणात बसून मी ऑलिव्ह ऑईलमध्ये बांगडा तळायचा का? तेल कुठलंही असो ग्रॅमला ९ कॅलरी, प्रश्न किती घालतो याचा आहे. मी तिला सौंदाळा माशाचं तिखलं म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तिने "वॉव" लिहिलं आणि परत ओट्स. आणि प्लॅनचे पैसे संपायच्या आधी आठवण न करता परत कापले गेले, ते परत मिळवायला लेकीला चार मेल आणि तीन आठवडे लागले. फुकट व्हर्जनमध्ये लिहायची सोय आहे, रेसिपी आहे, आमच्यासारख्याला तेवढं पुरतं. पैसे भरण्यासारखं मला काही सापडलं नाही. शिवाय इंटरनेट गेलं की नोंद अडकते, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेट दोन्ही एकदमच जातात, म्हणून मी जून-जुलै चक्क कॅलेंडरच्या मागे लिहिलं. अ‍ॅपला साडेतीन, कोचला एक.

ब्लूटूथ वजनकाट्याबद्दल दोन गोष्टी. आम्ही जुन्या घरात राहतो, माजघराची जमीन शेणाने सारवलेली, तिथे काटा ठेवला की कधी ७८ कधी ८०, मला वाटलं मीच झुलतेय. त्याला सपाट टणक जागा लागते, न्हाणीघराबाहेरच्या लादीवर ठेवल्यावर शांत झाला. दुसरं म्हणजे तो वजन सोडून आणखी बारा आकडे दाखवतो, चरबी किती, हाडं किती, पाणी किती, आणि "शरीराचं वय ५८". ५८! हे सगळं तो तळपायातून बारीकसा करंट सोडून त्याला किती अडथळा होतो त्यावरून अंदाजाने काढतो, आणि अंगातलं पाणी कमीजास्त झालं की अंदाज हलतो. एकाच दिवशी सकाळी चरबी ३९ टक्के आणि संध्याकाळी ३६, मधे मी काय केलं तर पतपेढीत बसले. तेव्हा वजन तेवढं घ्यायचं, बाकी बघू नये, विशेषतः वयाचा आकडा.

वजनसुद्धा रोजचं रोज मनाला लावून घेऊ नये हे मी रडून शिकले. १ जूनला मासेमारी बंद झाली की आमच्याकडे सुकी मासळी निघते, खारवलेला बांगडा खाल्ला की दुसऱ्या दिवशी सव्वा किलो वर, पाळीच्या आधी एक किलो वर, ते सगळं अंगाने धरून ठेवलेलं पाणी. काट्याच्या अ‍ॅपमध्ये आठवड्याची सरासरी दाखवणारी रेघ आहे, मी तीच बघते, रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाआधी. डिसेंबरात ती रेघ सपाट होती, जानेवारीत बँडचं जमा बंद केल्यावर वळली. आणि कपाटातला शिवणाचा टेप विसरू नका, कंबर ९७ वरून ८९ सेंटीमीटर झाली हे कुठल्याच यंत्राने सांगितलं नाही. आपल्याकडच्या बायकांना ८० च्या वर धोका धरतात, म्हणजे अजून जायचंय. बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्याचं, पण तसंच, अ‍ॅप ३० पर्यंत नुसतं "ओव्हरवेट" म्हणतं, भारतीयांसाठी डॉक्टर २५ लाच लठ्ठपणा धरतात. मी ३३ वरून साडेतीस झालेय.

एक गोष्ट लिहू की नको विचार करत होते. दिवाळीत माझी पुतणी आलेली राहायला, बारावीतली, अंगाने बारीकच. माझं बघून तिने पण अ‍ॅप घेतलं आणि चार दिवसांत पोरगी करंजीचा चतकोर तुकडा काट्यावर ठेवायला लागली, भाऊबीजेला जेवली नाही, हजार कॅलरीच्या आत राहायचं म्हणून. वय टाकताना तिने १९ टाकलं आणि अ‍ॅपने निमूट घेतलं. मी तिच्या फोनमधून ते काढायला लावलं आणि काटा वरच्या फळीवर ठेवला ती जाईपर्यंत. हे सगळं मोठ्या माणसांसाठी आहे, आणि मोठ्यांतसुद्धा ज्यांना आकड्यांनी घाबरायला होतं त्यांनी नादी लागू नये, शुगरच्या गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरला विचारून मगच जेवण कमी करा.

सध्या आंब्यांचे दिवस आहेत त्यामुळे लोक विचारतायत, आंबा मोजतेस का? मोजते. अडीचशे ग्रॅमच्या हापूसातून साल-कोय जाऊन गर निघतो १५० च्या आसपास, १०० ला ६० कॅलरी, म्हणजे एक आंबा ९०. दुपारी एक खाते, भात तेवढा कमी. आमरसाला मात्र हिशोब लागत नाही कारण तिथे कुणी एकावर थांबत नाही. काजू १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर आहेत, ओल्या काजूची उसळ झाली त्या दिवशी मी अ‍ॅप उघडलंच नाही, एक दिवस माफ.

किचनच्या काट्याला पाचात पाच. सेल चार महिने जातात, वर पाणी सांडू देऊ नका, आणि पावसात डब्यात घालून ठेवा. फक्त मार्चपासून तो माझ्या ताब्यात नाहीये. सासूबाईंना कळलं की हा काटा बरोबर दाखवतो, तेव्हापासून काजूची बी व्यापाऱ्याकडे घालायच्या आधी त्या पाच-पाच किलो करून घरी मोजून घेतात, खळ्यात बसून, बाजूला खडूने रेघा. पहिल्याच खेपेला सव्वा किलोचा फरक निघाला आणि व्यापाऱ्याने निमूट पैसे वाढवून दिले. परवा रात्री मी भात मोजायला काटा मागितला तर म्हणाल्या, "तुझो भात खंय पळता? आधी माजी बी होऊदे."